आखूड मिनिट

“अजून वेळ आहे,” असं रखवालदारानं तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा सिस्टरांनी मनगट थेट त्याच्या नाकासमोर धरलं.

“हे बघा. चार वाजून गेलेत. पाटीवर काय लिहिलंय? भेटण्याची वेळ चार.”

“पाटी बरोबर आहे, बाई. चार वाजले नाहीत.”

“माझ्या घड्याळात वाजलेत.”

“मग तुमच्या घड्याळातूनच आत जा,” रखवालदार म्हणाला, आणि रांगेतली माणसं हसली.

सिस्टर हसल्या नाहीत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी अशाच एका दवाखान्याच्या फाटकाच्या आतल्या बाजूला काढली होती. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी गल्लीत, दुकानात, घरात सगळे त्यांना सिस्टरच म्हणत, नवरासुद्धा. फाटकाबाहेर ताटकळत उभं राहायची त्यांना सवय नव्हती, आणि आपलं घड्याळ चुकतंय हे ऐकून घ्यायची तर मुळीच नव्हती.

तेवढ्यात लेक आली. ती बस डेपोत गाड्या सोडायचं काम करायची, त्यामुळे मिनिटामिनिटाचा हिशेब तिच्या अंगात मुरला होता. तिनं आईचं मनगट वळवून बघितलं, मग आपला फोन बघितला.

“आई, तीन पस्तीस झालेत.”

“तुझ्या फोनमध्ये.”

“सगळ्या जगात. सकाळी ड्युटीला निघताना मीच लावून दिलं ना तुझं घड्याळ? तेवढ्यात अर्ध्या तासाच्या वर पुढे? आमची गाडी अशी पळाली तर ड्रायव्हरला घरी बसवतात.”

“आज हातात घालायचं म्हणून पूर्ण चावी दिली, त्यानं असेल,” सिस्टर म्हणाल्या. “त्याला सवय नाही.”

हे घड्याळ त्यांना शिक्षण संपल्यावर वडिलांनी घेऊन दिलं होतं. रोज चावी द्यायचं, स्टीलच्या पाठीचं, लांब सेकंदकाट्याचं. काट्याचं टोक लाल. त्या लाल टोकावर नजर ठेवून सिस्टरांनी किती माणसांच्या नाड्या मोजल्या असतील याला गणती नाही. निवृत्तीच्या सुमारास एका म्हाताऱ्या घड्याळजीनं त्यांना सांगितलं होतं की याचे भाग आता मिळत नाहीत, जपा, दमवू नका. सिस्टरांनी ते मनावर घेतलं. तेव्हापासून घड्याळ मनगटावर मिरवणं बंद झालं. रोज सकाळी चार वेढे चावी, नवऱ्याची नाडी मोजण्यापुरती, आणि लगेच परत आपल्या जागी. दुपार होता होता ते आपोआप गप्प व्हायचं. वेळ लावायच्या भानगडीत त्या पडतच नसत. बटण बाहेर ओढताना आतला झिजलेला दांडा तुटला तर? काटे कुठेही असोत, त्यांना फिकीर नव्हती. “मला सेकंदाशी काम आहे, तासाशी नाही,” असं त्या म्हणायच्या. आज सकाळी लेकीनं बटण ओढलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

“चल,” लेक म्हणाली. “समोर जिन्याखाली घड्याळवाली बसते. तिला दाखवून येऊ.”

“आत्ता? उद्या सकाळी तुझ्या बाबांचं ऑपरेशन आहे.”

“म्हणूनच. ऑपरेशननंतर तू त्यांची नाडी मोजल्याशिवाय थोडीच राहणार आहेस? निदान घड्याळ तरी धड असू दे हातात.”

हे मात्र सिस्टरांना पटलं. वॉर्डातल्या नव्या पोरींवर त्यांचा भरवसा नव्हता, आणि पलंगाच्या डोक्याशी लावलेल्या त्या हिरव्या पडद्यावर तर त्याहून नव्हता. पडदा आकडा दाखवतो. ठोका कसा लागतो, भरलेला की पोकळ, ते बोटालाच कळतं.

घड्याळवालीच्या दुकानात एक माणूस आधीच उभा होता. त्याला पट्टा हवा होता आणि एकही पट्टा आवडत नव्हता. सिस्टर बाकावर बसल्या. समोरच्या काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता. झोप न झालेला.

त्यांचे यजमान भोंगेवाले. सभांना, शाळांना, दुकानांच्या उद्घाटनांना भोंगे आणि माईक भाड्यानं द्यायचे, आणि उरलेल्या वेळात तेच दुरुस्त करायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी “हॅलो, माईक टेस्टिंग” एवढंच भाषण केलं, असं ते स्वतःच सांगत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयानं ताल सोडला. डॉक्टरांनी नाडी आवरणारी गोळी दिली आणि एक नियम घालून दिला: रोज सकाळी नाडी मोजायची, साठाच्या खाली असेल तर त्या दिवशी गोळी नाही, कारण आधीच संथ चाललेल्या हृदयाला ती आणखी संथ करेल.

नाडी मोजणं सिस्टरांकडे लागलं, हे सांगायला नकोच. चार वेढे चावी, दोन बोटं मनगटावर, नजर लाल टोकावर. भोंगेवाले डोळे मिटून निकालाची वाट बघायचे.

“पास की नापास?”

“पास. तोंड उघडा.”

थंडी पडायला लागली तेव्हापासून ते नापास व्हायला लागले. आधी कधीतरी, मग आठवड्यातून बऱ्याचदा. दवाखान्यात नेलं की तिथलं मशीन जास्त आकडा दाखवायचं. पण डॉक्टर हसून म्हणायचे, “जिना चढून येतात, त्यात मला घाबरतात. सिस्टर, तुमचा आकडा सांगा, मी तोच धरतो.” हे डॉक्टर नवखे असताना सिस्टरांच्याच वॉर्डात होते. नाडीवर बोटं कुठे आणि किती दाबून ठेवायची, हे त्यांना सिस्टरांनी शिकवलं होतं. त्यांनी गोळी अर्धी केली. तरी नाडी खालीच, म्हणून दिवसाआड केली.

आणि चार दिवसांपूर्वी सकाळी दाढी करताना भोंगेवाल्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि म्हणाले, “सिस्टर, छातीत कुणीतरी दार ठोठावतंय गं.” बोटांखाली नाडी नव्हतीच, होती ती नुसती धावपळ, मोजायलाही न सापडणारी. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचे ओठ निळे पडले होते.

डॉक्टरांनी काल समोर बसवून समजावलं होतं. गोळी दिली तर नाडी फार खाली जाते, काढली तर उधळते. दोन्ही बाजूंनी अडचण. यावर एकच उपाय: छातीत कातडीखाली पेसमेकर बसवायचा, त्याची तार हृदयात सोडायची. तो नाडी खाली जाऊ देणार नाही, आणि मग गोळी निर्धास्त देता येईल. “इथल्या पडद्यावर संथ नाडी दिसलेली नाही,” डॉक्टर म्हणाले होते, “पण इथे आम्ही गोळी बंदच ठेवलीय. घरचं चित्र तुम्ही पाहिलंय. तुमचे आकडे माझ्याकडे आहेत. मला तेवढं पुरे.”

भोंगेवाले यावर म्हणाले होते, “जन्मभर दुसऱ्यांच्या बॅटऱ्या बदलल्या. आता माझी कोण बदलतंय बघू.” पण भेटीची वेळ संपेपर्यंत त्यांनी सिस्टरांचा हात सोडला नव्हता.

पट्टा बघणारं गिऱ्हाईक काही न घेता निघून गेलं. घड्याळवालीनं कपाळावरचं भिंग तसंच ठेवून हात पुढे केला. चाळिशीची बाई, बोलकी. सासऱ्यांचं दुकान आता ती चालवायची.

“काय करतंय?”

“पुढे पळतंय,” लेक म्हणाली. “तासाला सहा-सात मिनिटं.”

“तासाला? दिवसाला नव्हे?”

“तासाला.”

“मग हे पळत नाही, बाई, उधळलंय.” तिनं घड्याळ कानाशी धरलं. “किती दिवस झाले?”

“आजच कळलं,” सिस्टर म्हणाल्या. “मी रोज चार वेढेच चावी देते. वेळ बघायला वापरत नाही.”

“चार वेढे? का? उपासाला बसवलंय?”

“जुनं आहे. दमवू नका, असं सांगितलं होतं मला.”

“कुणी सांगितलं त्याला नमस्कार सांगा. अर्धपोटी ठेवून कुणी जास्त जगलंय का? घड्याळाला पोटभर चावी द्यायची, रोज, एकाच वेळेला. बटण थांबेल तिथे आपण थांबायचं. बास.” तिनं खणातून शाळेतल्या मुलांकडे असतं तसं एक छोटं होकायंत्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि घड्याळ हळूहळू त्याच्याजवळ सरकवलं.

सुई थरथरली आणि गर्रकन फिरून घड्याळाकडे तोंड करून उभी राहिली.

“घ्या. चुंबक शिरलंय अंगात. आत केसासारखी बारीक स्प्रिंग असते, वेटोळ्यांची. चुंबक लागलं की वेटोळी एकमेकींना चिकटतात. स्प्रिंग आखूड होते, चक्र भराभर झुलायला लागतं. मग सेकंद आखूड, मिनिट आखूड, सगळंच आखूड. कशाजवळ ठेवता हे? फोनच्या कव्हरवर? स्पीकरपाशी? असं काही तरी असणार, आणि रोज असणार.”

लेकीनं तोंड उघडलं. सिस्टरांनी तिचा हात घट्ट दाबला.

घड्याळ एकदा पलंगाशेजारच्या टेबलावरून घसरलं होतं. भोंगेवाल्यांनी ते पायावर झेललं आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले. लाकडाचा एक सुबक तुकडा, त्याला तिरपा उतार, वर मऊ कापड. कापडाखाली जुन्या भोंग्यातून काढलेलं चुंबक, म्हणजे स्टीलची पाठ त्यावर घट्ट बसेल आणि घड्याळ पुन्हा पडणार नाही. “सिस्टर, तुझ्या साहेबांना खुर्ची केलीय,” असं म्हणून त्यांनी ते स्टँड सिस्टरांच्या उशाशी ठेवलं होतं. थंडी तेव्हा नुकतीच पडायला लागली होती.

“मिनिट आखूड म्हणजे?” सिस्टरांनी विचारलं.

“दाखवते की. भिंतीवरचं घड्याळ बघा, ते बरोबर आहे. त्याचा काटा वर आला आणि तुमचाही वर आला की मी सांगते. थोडं थांबावं लागेल दोघांची गाठ पडायला.” ती दोन्हीकडे आळीपाळीनं बघत राहिली. “हां. आत्ता. निघाले दोघं.”

सिस्टरांनी घड्याळ हातात घेतलं. लाल टोक खाली उतरलं, वळलं, चढायला लागलं. नेहमीसारखंच, डौलात. त्यांच्या डोळ्यांना त्यात काहीही वावगं दिसलं नाही. हीच चाल त्यांनी आयुष्यभर पाहिली होती, असं त्यांना शपथेवर सांगता आलं असतं. लाल टोक शेंड्यावर पोचलं, मिनिट संपलं, आणि त्यांनी मान वर केली.

भिंतीवरचा काटा अजून चढत होता. अकराच्या आकड्याच्या जरा अलीकडे.

तो वर पोचायला आणखी सहा सेकंद लागले.

मग सिस्टरांनी आपल्याच मनगटावर दोन बोटं ठेवली. आधी हातातल्या घड्याळावर मोजलं, मग भिंतीवरच्या घड्याळावर. ओठ हलत होते. दोन्ही आकडे त्यांनी मनाशी शेजारी शेजारी ठेवले, आणि मग त्यांना बसायची गरज पडली, पण बाक कुठे आहे ते चटकन सापडेना. लेकीनं खांद्याला धरून बसवलं.

“आई? काय झालं? पाणी देऊ?”

“ते पास होत होते,” सिस्टर म्हणाल्या.

“कोण?”

“तुझे बाबा. रोज पास होत होते. बासष्ट असेल तर मला छप्पन्न लागत होती. मी त्यांना नापास केलं. गोळी हातात असायची माझ्या. मी ती परत डबीत टाकायचे.” त्यांनी आपल्या दोन बोटांकडे बघितलं. “चांगल्या हृदयाची गोळी मी काढून घेतली, आणि मग ते उधळलं.”

लेकीच्या डोक्यात पुढची गोष्ट यायला क्षणभर लागला. कळलं तसा तिनं आईचा खांदा घट्ट धरला.

“आणि उद्याचं ऑपरेशन...”

“माझ्या आकड्यांवर.”

घड्याळवालीला यातलं निम्मंच कळलं होतं. तिनं सिस्टरांच्या हातातून घड्याळ अलगद काढून घेतलं, एका छोट्या निळ्या पेटीवर धरलं, बटण दाबलं आणि घड्याळ हळूहळू वर उचलून लांब नेलं. मग होकायंत्रापाशी ठेवलं. सुई जागची हलली नाही.

“झालं.”

“झालं?” लेक म्हणाली. “एवढंच?”

“एवढंच. चिकटलेली वेटोळी सुटली. आता नीट चालेल.”

सिस्टर त्या निळ्या पेटीकडे बघत राहिल्या. साबणाच्या वडीएवढी पेटी. एक बटण.

रस्ता ओलांडताना लेकीनं त्यांचा दंड धरला होता. फाटक उघडलं होतं. रखवालदार म्हणाला, “बघा बाई, आत्ता वाजले चार.” सिस्टर त्याच्यासमोर थांबल्या. “तुमचं बरोबर होतं,” त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा बघून त्याला पुढची गंमत सुचली नाही.

डॉक्टर आपल्या खोलीत उभ्याउभ्याच चहा पीत होते.

“या सिस्टर. उद्याची काळजी करू नका, तासाभराचं काम आहे.”

“डॉक्टर, माझे आकडे टाकून द्या.”

“म्हणजे?”

“थंडीपासूनचे सगळे. नाडी संथ नव्हतीच. माझं घड्याळ पुढे पळत होतं. मिनिट आखूड होतं, म्हणून ठोके कमी लागत होते.”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलायचा एक आवाज त्यांच्याकडे होता, तो त्यांनी काढला. “हे बघा, ऑपरेशन म्हटलं की मन असले फाटे फोडतं. आणा बघू ते घड्याळ.”

सिस्टरांनी घड्याळ पुढे केलं आणि त्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात मागे घेतला.

“आता ते बरोबर चालतंय. आत्ताच दुरुस्त केलं.” त्या थांबल्या. “म्हणजे दाखवायला माझ्याकडे काही नाही. एवढे दिवस माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात, तो चुकीचा निघाला. आता पुन्हा एकदा ठेवा, असं मी सांगतेय.”

“मी बघितलंय,” लेक मध्येच म्हणाली. “दुकानात, भिंतीवरच्या घड्याळाशी लावून. घड्याळवालीला विचारा हवं तर, समोरच आहे.”

डॉक्टर खुर्चीत बसले, कॉम्प्युटरवर भोंगेवाल्यांचे कागद उघडले आणि बोटानं खाली खाली जात राहिले. दवाखान्यात मशीननं दाखवलेला आकडा एका बाजूला होता, त्याच दिवशी सकाळी सिस्टरांनी घरी मोजलेला दुसऱ्या.

“इथे सत्तर, घरी त्रेसष्ट,” ते पुटपुटले. “इथे बासष्ट, घरी छप्पन्न. इथे...” बोट थांबलं. परत वर गेलं, परत खाली आलं. “दर वेळी तेवढाच फरक. दर वेळी दहावा हिस्सा.” त्यांनी चष्मा काढला. “मी म्हणत होतो, मला घाबरून वाढते. पण माणूस असा मापात घाबरत नाही, सिस्टर. कधी जास्त घाबरेल, कधी कमी. हे माझ्या समोर होतं. दर महिन्याला माझ्या समोर होतं.”

बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, दार उघडलं, बंद झालं.

“मी उद्या सकाळी त्यांच्या छातीत...” डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही. फोन उचलला. “उद्याचं पहिलं ऑपरेशन रद्द. हो, पेसमेकरचं. नाही, पुढे नाही ढकललेलं. रद्द.” फोन ठेवून ते सिस्टरांकडे वळले. “पूर्ण गोळी आजपासून सुरू करू. छातीवर नोंदयंत्र लावू, दोन दिवस सलग. त्यात खरंच संथ नाडी दिसली तर बघू. मला वाटत नाही दिसेल.” मग, वयानं पुन्हा लहान झाल्यासारखे, म्हणाले, “तुम्ही आज ते दुकान गाठलं नसतं तर?”

रखवालदारानं त्यांना अर्धा तास आधी आत सोडलं असतं तर, एवढंच सिस्टरांच्या मनात आलं.

वॉर्डाच्या दाराशी त्यांनी लेकीला थांबवलं. “स्टँडचं त्यांना सांगायचं नाही. आज नाही, कधीच नाही. घरी जा आणि ते आधी उचल.”

“पण आई...”

“त्यांनी ते पॉलिश करायला तीन दिवस घालवले होते. जा.”

भोंगेवाले उशीला टेकून बसले होते. “या! फाटकावर भांडलीस म्हणे. आतपर्यंत बातमी आलीय. आणि ती वॉर्डातली पोरगी सांगून गेली, उद्या माझं काही कापायचं नाही. काय, बॅटरी संपल्या का बाजारातल्या?”

सिस्टर स्टुलावर बसल्या. “तुमची नाडी चांगली आहे. पहिल्यापासून चांगली होती. माझं घड्याळ बिघडलं होतं, पुढे पळत होतं. मी चुकीचं मोजलं.”

हे त्यांनी एका दमात सांगितलं. भोंगेवाल्यांचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला आनंद गेला.

“म्हणजे मी नापास नव्हतो?”

“एकदाही नाही. असलात तरी फार थोड्या वेळा.”

“अगं पण, तुझं घड्याळ? तुझं?” त्यांना ऑपरेशनपेक्षा याचाच धक्का बसलेला दिसत होता. “काय झालं होतं त्याला?”

“तेल सुकलं होतं.”

भोंगेवाले सिस्टरांकडे बघत राहिले. आयुष्यभर यंत्रं उघडून बसलेला माणूस.

“तेल सुकलं की चाक जड होतं, सिस्टर. जड झालेली वस्तू मागे पडते. पुढे कशाला पळेल?”

“मला काय ठाऊक? ती म्हणाली तेल.”

“पुढे पळायचं तर आतलं वेटोळं...” ते थांबले. त्यांचा उजवा हात आपोआप उठून डाव्या मनगटाकडे गेला, जिथे त्यांनी स्वतः कधीच घड्याळ बांधलं नव्हतं. त्यांच्या भोंग्यांच्या दुकानाच्या दाराशी एक खिळा होता. येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी सांगायचे, घड्याळ काढून खिळ्याला लावा, आत चुंबकं आहेत. गिऱ्हाइकाला सांगायचे, पोस्टमनला सांगायचे, खुद्द सिस्टरांना किती वेळा सांगितलं होतं.

“खुर्ची,” ते म्हणाले.

सिस्टरांनी मान खाली घातली. तेवढं पुरेसं होतं.

डोक्याशी लावलेला पडदा किणकिणायला लागला. आधी एकदा, मग सारखा. सिस्टरांनी झटकन त्यांचं मनगट धरलं. बोटांखाली नाडी दणादण येत होती. त्यांची नजर सवयीनं आपल्या मनगटाकडे गेली. तिथे काही नव्हतं. घड्याळ पर्समध्ये होतं. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं.

वॉर्डातली पोरगी धावत आली. “काय झालं, काका? दुखतंय का?”

“काही नाही, बाळ,” भोंगेवाले म्हणाले. “माझ्या कारागिरीची पावती मिळाली.”

तिनं तारा तपासल्या, आकडा खाली येईपर्यंत थांबली. मग नवी गोळी छोट्या कागदी कपात ठेवली, “आधी नाडी बघून मग देते,” म्हणाली आणि शेजारच्या पलंगाकडे गेली.

“काढ ते घड्याळ,” भोंगेवाले हळूच म्हणाले.

“नको.”

“काढ म्हणतो ना. आणि चावी दे. पूर्ण.”

सिस्टरांनी घड्याळ काढलं. त्यांची बोटं चौथ्या वेढ्याला आपोआप थांबली. भोंगेवाल्यांनी मानेनंच खूण केली, पुढे. त्या फिरवत गेल्या, बटण घट्ट झालं, थांबलं, तिथे त्यांनी सोडलं आणि एका हाताची बोटं पुन्हा भोंगेवाल्यांच्या मनगटावर ठेवली.

“समोर भिंतीवरचं मी बघतो. तू हातातलं बघ. लाल टोक वर आलं की सांग, मी सेकंद मोठ्यानं म्हणतो. चुकलं तर ओरड.” त्यांनी घसा साफ केला. “हॅलो. हॅलो, माईक टेस्टिंग. एक. दोन. तीन.”

त्यांचा आवाज सुरुवातीला हलत होता. विसाच्या पुढे तो स्थिरावला. लाल टोक त्यांच्या प्रत्येक आकड्याला एक घर चालत होतं, न घाई करता, न मागे राहता. चाळीस. पन्नास. चोपन्न आलं, लाल टोक शेंड्यापासून अजून दूर होतं. अठ्ठावन्न. एकोणसाठ.

“साठ.”

लाल टोक शेंड्यावर होतं.

शेजारच्या पलंगावरचा माणूस कुशीवर वळून त्यांच्याकडे बघत होता.

“मग?” भोंगेवाल्यांनी विचारलं. “नाडी किती?”

सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मनगट हातातच होतं, बोटं जागेवरच होती.

“मोजलीच नाही,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“काटाच बघत बसले.”

भोंगेवाले हसायला गेले, पण ओठ नीट उघडले नाहीत. त्यांनी दुसऱ्या हातानं सिस्टरांच्या बोटांवर आपली बोटं दाबली. “मग पुन्हा. काट्याकडे मी बघतो. तू नको बघूस.”

सिस्टरांनी घड्याळ उशीवर उलटं ठेवलं आणि डोळे मिटले.

“हॅलो,” ते म्हणाले. “एक.”